समुद्राच्या टाकीतलं तण

घरात समुद्र आणायचा हट्ट माझा एकटीचा होता. लग्नाआधी मी सुरतला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. तिथे पेशंट बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी होती. आत खडक, खडकांवर हलणारी रंगीत कोरलं आणि त्यांत शिरून बसणारे केशरी-पांढरे मासे. डबा खायला मी त्या खोलीत जाऊन बसायचे. पुढे शहाद्याला लग्न करून आले, स्वतःची रक्त-लघवी तपासायची लॅब काढली, मुलगी बारावी होऊन पुण्याला शिकायला गेली. तिची खोली रिकामी झाली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, आता मला ती टाकी हवी.

नवरा शाळेत शिक्षक. घरी तो अहिराणीतच बोलतो. म्हणाला, "आठे प्यायना पानीना वांधा शे, आनि तू दर्याना पानी बनाई ऱ्हायनी?"

तरी गणपती उठल्यावर तो माझ्याबरोबर सुरतला आला. दगड, मीठ, दिवा, पाणी ढवळणारा पंप असं सगळं गाडीत भरून आणलं. टाकी हॉलमध्ये ठेवली, कारण मुलीच्या खोलीत ती दारातून जाईना. समुद्राच्या मिठाचं पाणी कालवलं. त्याचा खारटपणा मोजायला मी सुरुवातीला लॅबमधलं लघवीची घनता मोजायचं यंत्र घरी आणलं. नवऱ्याने एवढंच विचारलं, "धोयेल शे ना?" त्या यंत्रावर आकडा थोडा चुकीचा येतो हे नंतर कळलं आणि खाऱ्या पाण्याचं वेगळं मागवलं.

नव्या टाकीत पहिला महिना काही घालायचं नसतं. दगडांवर जिवाणू वाढू द्यायचे, मगच मासे. मी वाट पाहत होते आणि तेवढ्यात आबांना लकवा झाला.

आबा म्हणजे माझे सासरे. कळसाडीला राहतात. कापूस, ऊस, थोडी ज्वारी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण तोवर रोज शेतात जाणारे. सकाळी गोठ्यात वाकले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेल्यासारखा होता आणि वाचाही गेली होती. म्हणजे सगळं कळायचं, पण तोंडातून दोनच शब्द निघायचे, हाव म्हणजे हो, आणि नई. तेही कधी उलटे. चहा हवा असला की नई म्हणायचे आणि कप नेला की रागवायचे. शहाद्यात फिजिओथेरपीची सोय होती, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. पलंग मुलीच्या खोलीत, आणि दिवसा खुर्ची हॉलमध्ये, टाकीसमोर. दुसरीकडे खुर्चीला जागाच नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत नुसते दगड आणि पाणी. मी म्हटलं, "आबा, मासे यायचे आहेत." ते म्हणाले, "नई." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

दसऱ्यानंतर दोन मासे आणले. सुरतहून येताना थर्माकोलचा डबा माझ्या मांडीवर होता. खापर गावात चहाला थांबलो तेव्हा मी गाडीतच बसून पिशव्यांतले मासे तोंड हलवतात का ते पाहिलं. हलवत होते. अक्कलकुव्यापासून पुढे खड्डे चुकवत नवऱ्याने गाडी इतकी हळू चालवली की मागचे ट्रकवाले शिव्या देत गेले. मासे जगले. त्याच आठवड्यात वाळूवर तपकिरी थर दिसायला लागला, जणू कुणी कोको पावडर भुरभुरली होती. याला घाबरायचं नाही, नव्या टाकीत हा येतो आणि जातो, हे मी वाचलं होतं. तो खरंच तीन आठवड्यांत गेला. पण त्याच्या जागी हिरवं आलं.

आधी दगडांच्या माथ्यावर मखमलीसारखं, मग हळूहळू केसांसारखं. डिसेंबरमध्ये ते बोटभर लांब झालं. पंपाच्या प्रवाहात सगळे केस एकाच दिशेने हलायचे. मी एक छोटं कोरल आणलं होतं. जांभळ्या चिवट सालीसारखा त्याचा तळ आणि त्यावर हिरव्या फुलांची दाटी. ते त्या शेवाळातून शोधावं लागायचं. घरी येणारे विचारायचे, हे मुद्दाम लावलंय का?

मी लॅबवाली आहे, म्हणून मी तपासणीपासून सुरुवात केली. पाण्यातलं नायट्रेट मोजलं. शून्य. फॉस्फेट जवळपास शून्य. रक्तातला फॉस्फरस मोजायचं किटही वापरून पाहिलं, ते या कामाला अगदी निरुपयोगी निघालं. मग शेवाळ वाढतंय कशावर? बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की पाण्यात काही सापडत नाही, कारण जे येतं ते शेवाळच लगेच खाऊन टाकतं. आकडा शून्य असला तरी खाणं चालूच आहे.

मग येतं कुठून ते शोधायला लागले. मीठ कालवायला मी घरच्या पिण्याच्या फिल्टरचं पाणी घेत होते, आणि घराला बोअरचं पाणी. आमच्या आजूबाजूला सगळा ऊस आणि केळी, युरियाची पोती रिकामी होतात ती शेवटी बोअरमध्येच उतरतात. फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यातही नायट्रेट निघालं. लॅबमध्ये मशीनसाठी अगदी शुद्ध, क्षार काढलेलं पाणी लागतं, त्याचा छोटा प्लांट माझ्याकडे होताच. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी लॅबमधून दोन कॅन पाणी घरी आणायला लागले. दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला. खिडकीला जाड पडदा लावला. माशांचं खाणं दिवसातून एकदा, चिमटीभर. सुरतहून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या, त्यांतल्या निम्म्या वाटेतच गेल्या.

महिना झाला तरी शेवाळ तसंच राहिलं, उलट वाढलंच.

जानेवारीत एका दुपारी लॅबमधली वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला, म्हणून मी लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. आबांना सांभाळायला येणारी बाई मागे कपडे वाळत घालत होती. आबा खुर्ची ओढत टाकीच्या अगदी जवळ गेले होते. डाव्या हातात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचा तुकडा. ते तो टाकीच्या उघड्या तोंडावर चुरत होते. दोन्ही मासे वर आले होते. पाण्यावर भाकरीचा चुरा तरंगत होता आणि दगडांच्या फटीत आधीचा, पांढरा पडलेला चुरा साचला होता. म्हणजे हे रोजचंच होतं.

मी ओरडले. "आबा, हे काय चालवलंय तुम्ही? दोन महिने मी मर मर मरतेय इथे, आणि तुम्ही भाकरी टाकताय? घाण करून ठेवली सगळी!"

त्यांनी हात खाली घेतला. तुकडा मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी जाळी घेऊन चुरा काढत राहिले, तोंडाने बडबडतही होते. बाई दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी आबांनी खुर्ची भिंतीकडे वळवून मागितली. बोलता येत नव्हतं, हातानेच दाखवलं. फिजिओथेरपिस्ट आली तर तिच्यासमोर हात उघडेनात. तसंही ते त्या व्यायामाला कंटाळलेच होते. ती मऊ चेंडू दाबायला द्यायची, वाटीतले राजम्याचे दाणे चिमटीने उचलायला सांगायची. आबा दाणे उचलायच्या ऐवजी वाटी सरकवून द्यायचे. आता तर तेही नाही. जेवण अर्धं टाकायला लागले.

नवऱ्याला मी सांगितलं होतं काय झालं ते. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तो म्हणाला, "त्यास्नी जल्मभर ढोरेसले चारा टाकेल शे. समोर मासा तोंड वासी ऱ्हायना, त्या कसा गप बसतीन?"

"मला माहीत नव्हतं का ते? पण सांगायला नको होतं कुणी?"

"कोन सांगी? त्यास्ले बोलता येस का?"

लॅबमध्ये मी दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते, पण कुणावर आवाज चढवत नाही. लहान मूल रडून गोंधळ घालतं तरी नाही. घरी मात्र बोलू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले होते, आणि बाईसमोर. मी आबांपुढे जाऊन म्हटलं, "चुकलं माझं, आबा." त्यांनी डोळे मिटून घेतले. माफी मागितली की सुटका होते असं नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

रविवारी मी टाकीचं पाणी बदलायचे. त्या रविवारी ठरवलं की शेवाळ हातानेच काढायचं. टाकीतलं काढलेलं जुनं पाणी प्लास्टिकच्या टबात घेतलं, एकेक दगड उचलून त्यात ठेवला आणि जमिनीवर बसून शेवाळ ओढायला लागले. ते वरच्या वर तुटत होतं. केसांचा झुपका हातात यायचा आणि दगडावर खुंट राहायचे. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण मान जरा वळली होती. मी तिसरा दगड घेतला तेव्हा मागून घशातला आवाज आला.

"मूय."

मी वळले. आबा डावा हात पुढे करून दोन बोटं दगडाच्या दिशेने खाली खुपसल्यासारखी करत होते. "मूय. मूय धर."

मूळ धर. आमच्याकडे मुळाला मूय म्हणतात. तीन महिन्यांत हाव आणि नईच्या पलीकडे त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द होता, आणि एक नाही, दोन सलग. मी नवऱ्याला हाक मारली. तो स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला वाटलं काही झालं. मी म्हटलं, "परत बोला, आबा." अर्थात ते बोलले नाहीत. वैतागून टबाकडे बोट दाखवलं, काम कर म्हणून.

शेवाळाला मुळं नसतात. हे मी कॉलेजात शिकले आहे. पण ते दगडाला जिथे चिकटतं तिथे चिमटीत धरून जरा पिळून ओढलं तर अख्खं येतं, हे मात्र खरं निघालं. मी आबांना मुळांबद्दल काही सांगितलं नाही. टब उचलला, त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला आणि खुर्ची टाकीकडे वळवली. त्यांनी डावा हात टबात घातला. मी तो हात अलगद बाहेर काढला आणि उजवा धरून पाण्यात ठेवला. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग खाली पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट जवळ यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. चिमूट बसली, सुटली, पुन्हा बसली. चौथ्या-पाचव्या वेळी तीन-चार हिरवे केस वर आले. आबांनी ते टबाच्या कडेला पुसले आणि पुन्हा हात घातला.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलाचा तवंग आला. सकाळी बाई त्यांच्या हाताला तिळाच्या तेलाने मालिश करायची, ते मी विसरले होते. म्हणून क्रम बदलला. आधी साध्या पाण्याने हात धुवायचे, साबण नाही, मग दगड, मग आंघोळ, आणि मालिश शेवटी. रोज एक दगड, अर्धा तास. फिजिओथेरपिस्टला मी घाबरतच सांगितलं, ती हसली आणि राजम्याची वाटी पिशवीत ठेवून दिली. "हेच चालू द्या. फक्त खांदा वर उचलू देऊ नका, बोटांनीच काम करायला लावा." नंतर तीच शेजारी बसून त्यांचा खांदा दाबून धरायची आणि टाकीबद्दल मला प्रश्न विचारायची.

माशांना खाणं घालायचं कामही मी आबांकडे दिलं. सकाळी एकदाच, माझ्यासमोर, आणि उजव्या हाताने. चिमटीत बसेल तेवढंच. सुरुवातीला त्यातलं बरंचसं जमिनीवर सांडायचं. त्यामुळे माशांचं खाणं आपोआप कमी झालं. बाईला मी सांगून ठेवलं होतं की भाकरी टाकीजवळ न्यायची नाही. तिने आबांना जेवायला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवायला सुरुवात केली आणि आबांनी ते चालवून घेतलं.

फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. त्या दिवशी नेहमीप्रमाणे एक दगड मी टबात ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. घाईत लक्षात आलं नाही की माझं ते एकुलतं कोरल त्याच दगडावर पसरलं होतं. हिरव्या फुलांचं, अगदी हरळीसारखं पसरत जाणारं. चहा घेऊन बाहेर आले तर आबांच्या उजव्या मुठीत जांभळी साल होती. त्यांनी ती कडेपासून सोलून अख्खी काढली होती. चेहऱ्यावर असा आनंद की मी तो दवाखान्यानंतर पाहिलाच नव्हता. मूठ वर धरून मला दाखवत होते. ती मूठ आवळलेली होती. उजव्या हाताची.

मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर पहिल्यांदा कोरलचंच वाईट वाटलं. चहाचे कप खाली ठेवले. यावेळी आवाज चढवला नाही, पण लपवूनही ठेवलं नाही.

"आबा, हे राहू द्यायचं होतं. हे तण नाही."

त्यांनी मुठीकडे पाहिलं. बराच वेळ ओठ हलत राहिले. "पीक?"

"हो. पीक."

त्यांनी मूठ उघडली आणि ती साल माझ्या हातावर ठेवली. मग हात मांडीवर घेऊन बसले आणि त्या दिवशी चहा प्यायले नाहीत.

सुरतच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, फेकू नका, कापा आणि चिकटवा. साल नखाएवढ्या तुकड्यांत कापली, लहान लहान दगडांवर घरातल्या फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवली. आबा समोर बसून पाहत होते. मी म्हटलं, "उसाची टिपरी लावतो ना आपण, तसंच आहे हे." त्यांनी एक दगड डाव्या हाताने उचलून नीट पाहिला आणि चिकटवलेला तुकडा उलटा आहे हे मला दाखवलं. खरंच उलटा होता.

आठ दिवस सगळे तुकडे बंद राहिले. आबा रोज सकाळी उठल्यावर पलंगावरूनच मानेने विचारायचे. नवव्या दिवशी एका तुकड्यावर दोन हिरवी फुलं उघडली. सहा तुकड्यांपैकी चार जगले. दोन कुजले, ते काढून टाकले.

मार्चच्या अखेरीस शेवाळ ओसरल्याचं माझ्या लक्षात आलं, तेही टबात आबांना काढायला काही सापडेना म्हणून. दगडांवर गुलाबी-जांभळे कडक डाग धरायला लागले, ते चांगलं लक्षण असतं. कशाने गेलं ते मला ठामपणे सांगता येणार नाही. पाणी बदललं होतं, भाकरी बंद झाली होती, दिवा कमी केला होता, उरलेल्या गोगलगायी मोठ्या झाल्या होत्या, आणि रोज अर्धा तास एक माणूस चिमटीने एकेक केस उपटत होता. लॅबमध्ये मी एका वेळी एकच गोष्ट बदलते, म्हणजे कारण कळतं. घरात तसं जमलं नाही.

आबांचा हातही असाच, कशाने ते सांगता येत नाही. सदऱ्याची वरची दोन बटणं ते स्वतः लावायला लागले. कप धरता येतो, पण भरलेला नाही. शब्द हळूहळू येत गेले. वाक्य अर्ध्यावर थांबतं, मग ते हात हवेत गोल फिरवतात आणि आपण शब्द पुरवायचा. चुकीचा पुरवला तर रागावतात.

आखाजीला त्यांना घरी जायचं होतं. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा मोठा सण, आणि त्यांनी ठरवलंच होतं की त्यानंतर परत शहाद्याला यायचं नाही. आम्ही त्यांना कळसाडीला घेऊन गेलो. गाडीतून उतरून काठी टेकत ते स्वतः ओट्यापर्यंत गेले. गल्लीतले चार-पाच जण जमले. त्यांच्या वयाच्या एका शेजाऱ्याने जवळ बसत विचारलं, "इतला महिना शहादाले काय करं तू?"

आबांनी सांगायला सुरुवात केली. दर्या, म्हणाले. काच. मासा. मग हात फिरवत राहिले. तन, म्हणाले. निंदनी. शेजारी माझ्याकडे पाहायला लागला, लकवा डोक्यात गेला की काय म्हणून. मी समजावलं की घरात काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी आहे, त्यात दगडांवर शेवाळ वाढतं आणि आबा ते रोज काढायचे.

शेजाऱ्याने थोडा विचार केला. "मंग तननाशक फवारी देवानं ना."

आबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, जशी पूर्वी शेतात चुकीच्या ओळीत नांगर घालणाऱ्यावर टाकायचे. "मासा मरी जातीन ना, येडा!"

पूर्ण वाक्य, न अडखळता. सगळे हसले, शेजारीही. नवरा उठून पाणी आणायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता रविवारचा टब माझ्याकडे आहे. वैशाखाच्या उन्हात पाणी तापतं म्हणून टाकीवर छोटा पंखा लावलाय, त्याने पाणी उडतं आणि लॅबमधून रोज दोनऐवजी तीन कॅन आणावे लागतात. मागच्या काचेवर पुन्हा थोडं हिरवं धरलंय. नवरा कधी कधी शेजारी येऊन बसतो आणि शेवाळ वरच्या वर तोडतो. मी त्याला सांगते, खालून धर.